शेतकरी पाहुणा की वाटेकरी?

खरिपाची पिके फुलोऱ्यावर आली की आमच्या कृषिविद्यापीठांची दारे शेतकऱ्यांकरिता उघडतात. शिवारफेरी निघते, मंडप उभे राहतात, वाफ्यावाफ्यावर वाणांच्या पाट्या लागतात. गाड्या भरभरून शेतकरी येतात, पाहतात, बियाण्याची पिशवी घेतात आणि दिवेलागणीस घरी परततात. हा उपक्रम चांगला आहे. तो बंद व्हावा असे म्हणणारा आमच्यात कोणी नाही. परंतु त्या फेरीहून परतताना पुष्कळ वाचकांच्या मनात जो प्रश्न येत असेल, तोच आज आम्ही येथे उघडपणे मांडू इच्छितो. विद्यापीठाच्या शिवारात शेतकरी जातो तो पाहुणा म्हणून, की वाटेकरी म्हणून?

वाटेकरी हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. अर्धेलीने जमीन करावयाची तर बी कोणाचे, खत कोणाचे, बैल कोणाचे आणि रास पडल्यावर माप कसे, हे पेरणीपूर्वी ठरते. रास पडल्यावर ठरवू म्हणणाऱ्याशी शहाणा माणूस अर्धेली करीत नाही. विद्यापीठाने संशोधनात व शिक्षणात लोकांस सहभागी करून घ्यावे, असे आज जो तो म्हणतो. तो सहभाग म्हणजे नेमका कशाकशातला वाटा, हे मात्र कोणी पेरणीपूर्वी बोलत नाही. सारा घोटाळा तेथे आहे.

प्रथम जे झाले आहे त्याचे श्रेय देणे न्यायाचे होईल. अमेरिकेत १८६२ सालच्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन शेतकी शिकविणारी महाविद्यालये उभारण्यात आली; १८८७ च्या कायद्याने त्यांस प्रयोगक्षेत्रे जोडली गेली; आणि १९१४ च्या कायद्याने तेथील ज्ञान गावोगाव पोहोचविण्याची व्यवस्था झाली. याच धर्तीवर १९६० साली पंतनगर येथे भारतातील पहिले कृषिविद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, आणि दापोली व परभणी येथील १९७२ साली स्थापन झाले. पहिले कृषिविज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे उघडले. आज देशात अशी केंद्रे सातशेहून अधिक आहेत. आमच्या गावांतून कृषिदूत व कृषिकन्या म्हणून येणारे विद्यार्थी तर आता घरचेच झाले आहेत. २०२५ साली २९ मेपासून १२ जूनपर्यंत शास्त्रज्ञांची पथके देशभर गावोगाव फिरली. राहुरीची कृषिदर्शनी किंवा अकोल्याची कृषिसंवादिनी ज्या घरात नाही, असे जाणत्या शेतकऱ्याचे घर विरळा. हे सारे खरे आहे आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

परंतु या सर्व व्यवस्थेत पाणी एकाच बाजूने वाहते. ज्ञान वरच्या टाकीतून खालच्या शिवाराकडे यावयाचे, आणि शेतकऱ्याने दारे धरून ते आपल्या वाफ्यात घ्यावयाचे, अशी ही रचना आहे. खालून वर काही जावे, याकरिता पाट काढलेला नाही असे नाही. प्रत्येक कृषिविज्ञान केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागार समितीत शेतकऱ्यांस जागा आहे. पण त्या पाटाची डागडुजी ना त्यांनी केली, ना आम्ही.

पाट नसल्यामुळे काय होते, ते आमच्याच एका सभासदाच्या अनुभवावरून सांगतो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असा अनुभव अनेकांस आला असेल. या गृहस्थांनी आपल्या शेतातील दहा गुंठे एका चाचणीकरिता दिले. बी व औषध संस्थेचे, जमीन, पाणी व मजुरी यांची. मंडळी पेरणीस आली, एकदा फुलोऱ्यावर आली आणि काढणीस आली. दाणे मोजून, छायाचित्र काढून गेली. त्या पट्ट्यात उतारा शेजारच्या पट्ट्याहून कमी पडला. तो का कमी पडला, इतर गावांत काय झाले, पुढील साली काय करावे, याविषयी एक ओळही परत आली नाही. त्यांचा तोटा फार मोठा नव्हता. परंतु पुढील वर्षी दुसरे कोणी चाचणीकरिता जमीन मागावयास आले तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि त्यांच्याबरोबर आळीतील आणखी चौघांनी जोडले. एका न आलेल्या चिठ्ठीने पाच शेते विद्येस बंद झाली. यात पदरचे गेले ते दोघांचेही.

यास्तव आमचे म्हणणे असे की, संशोधनातील वाट्याचे चार भाग करावे आणि प्रत्येक भाग आधी ठरवावा. पहिला भाग प्रश्नाचा, दुसरा जोखमीचा, तिसरा निवडीचा आणि चौथा नावाचा.

प्रश्नाविषयी पाहू. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात दुधाचा पैसा केवळ वजनावर मिळत असे. त्यामुळे पाणी घालणारा व न घालणारा, साय काढणारा व न काढणारा, सारे एका भावाने तोलले जात, आणि प्रामाणिक गवळी नागवला जाई. ही तक्रार गोठ्यातली होती. तेथील विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत काढली, आणि तिचे पेटंट न घेता ती सर्वांस खुली केली. आज आमच्या गावच्या दूधसंकलन केंद्रात फॅट पाहूनच भाव ठरतो. तेथील यंत्र निराळे असेल, परंतु प्रश्न तोच. शहाणपणाचा प्रश्न गोठ्यातून विद्यापीठात गेला म्हणून शहाणपणाचे उत्तर गोठ्यात परत आले. आमच्याकडे संशोधनाचे विषय ठरतात त्या वेळी गोठ्यातील व शिवारातील प्रश्न कोणत्या कागदावर लिहिलेले असतात?

आमच्या प्रांतास असा शोध अगदी अपरिचित आहे असे नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर चौकशी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुढे ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे, कर्ज, मिळकत व खर्च यांचा हिशेब त्यांनी गावात बसून मांडला. विद्वान मनुष्य खुर्ची सोडून गावात आला, ही त्या काळी मोठी गोष्ट होती व आजही आहे. तथापि तेथेही गाव हा पाहावयाचा विषय होता. काय पाहावे हे गावाने ठरविले नव्हते. शंभर वर्षांनंतर त्यापुढील पाऊल टाकावयास हरकत नसावी.

दुसरा भाग जोखमीचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत अवघड. प्रयोग फसला तर शास्त्रज्ञास नवी माहिती मिळते, शेतकऱ्याचा मात्र हंगाम जातो. टेक्सास प्रांतात कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या सोंडकिड्याने हाहाकार केला होता. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ व मराठवाड्यात जी धास्ती घातली, तिच्यावरून वाचकांस त्याची कल्पना येईल. त्या वेळी सीमन नॅप नावाचे वृद्ध गृहस्थ, जे पूर्वी आयोवाच्या शेतकी महाविद्यालयात अध्यापक व अध्यक्ष होते, सरकारच्या वतीने तेथे काम करीत होते. सरकारी खर्चाने चालविलेल्या आदर्श शेतांवरून शेतकरी काही शिकत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. कारण सरकारच्या पैशावर कोणीही चांगले पीक काढील असे पाहणारा म्हणतो. म्हणून १९०३ साली टेरेल या गावी वॉल्टर पोर्टर नामक शेतकऱ्याच्या शेताचा एक भाग त्यांनी घेतला. श्रम पोर्टरचे, अवजारे पोर्टरची, पीकही पोर्टरचे. परंतु नॅप यांच्या सांगण्याप्रमाणे पीक करून तोटा आला तर तो भरून द्यावा, म्हणून गावातील व्यापाऱ्यांनी व पेढीवाल्यांनी वर्गणीने हमीचा निधी उभारिला. त्या निधीस हात लावण्याची पाळी आली नाही, पोर्टरला नफाच झाला, आणि या एका शेतापासून सुरू झालेल्या कामातून पुढे १९१४ चा कायदा झाला.

या गोष्टीतील मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. पोर्टरला अनुदान नव्हते, फुकट बी नव्हते, सत्कार नव्हता. त्यास फक्त एवढी शाश्वती होती की दुसऱ्याच्या सल्ल्याने चालल्यामुळे तो बुडणार नाही. आमच्याकडे नेमके उलट घडते. पिशवी फुकट मिळते, पण बुडाल्यास विचारावयास कोणी नाही. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे चाचणीकरिता अर्धा एकर मागताना त्याच्या घरच्या धान्याचा दहावा भाग आपण पणाला लावीत आहो, ही जाणीव मागणाऱ्यास हवी. चाचणीच्या पट्ट्याचा उतारा शेजारच्या पट्ट्यापेक्षा जेवढा कमी पडेल, तेवढ्याची भरपाई होईल असे एका कागदावर लिहून द्यावे. रक्कम थोडी लागेल. विश्वास मोठा मिळेल.

तिसरा भाग निवडीचा. चांगले वाण कोणते, हे कोणी ठरवावे? रवांडा देशात घेवडा हे मुख्य अन्न. त्याचे निरनिराळे दाणे मिसळून पेरावयाचे, आणि ते बी सांभाळावयाचे काम बायकांचे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील संशोधन केंद्राने त्यातील जाणत्या बायकांस प्रक्षेत्रावर बोलावून, पुष्कळ वाणांतून आपापल्या शेतास योग्य ती निवडण्यास सांगितले. त्यांनी निवडलेली वाणे त्यांच्या शेतांत शास्त्रज्ञांनी निवडलेल्या वाणांहून सरस उतरली. यात जादू काही नाही. प्रक्षेत्रावरील जमीन भरल्या खताची व एकसारखी. बायकांचे शेत डोंगरउतारावरचे, केळीच्या सावलीतले. आपले पीक कोठे उभे राहावयाचे आहे हे त्यांस ठाऊक होते.

आमच्या रब्बी ज्वारीकडे पाहा. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण कित्येक दशके उलटली तरी शेतकरी सोडीत नाही. त्याहून अधिक दाणे देणारी वाणे पुष्कळ आली. पण शेतकरी क्विंटल एकटे मोजीत नाही. भाकरीची चव, कडब्याची उंची आणि तो गुरे खातात की तुडवितात, हेही तो मोजतो. दाण्याचे वजन एवढेच ज्या तक्त्यात आहे, तो तक्ता शेतकऱ्याच्या हिशेबाचा नव्हे. आणि येथे घरातील स्त्रियांची आठवण करून देणे अवश्य आहे. उतरंडीतले बी राखेत घालून ठेवणारी, भाकरी थापणारी, निंदणी करणारी तीच; आणि प्रशिक्षणाचे आमंत्रण मात्र सातबाऱ्यावरील पुरुषाच्या नावाने येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचा जो साठा राखला, त्याकरिता २०२० साली त्यांचे नाव पद्मश्रीच्या यादीत आले. असे ज्ञान पुष्कळ घरांत आहे. ते विचारावयास कोणी गेले पाहिजे.

चौथा भाग नावाचा. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली पटेल-३ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, जपल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून एक बारीक दाण्याचे वाण सिद्ध केले. लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून त्यास एचएमटी म्हणू लागले, आणि ते दूरवर पसरले. पुढे कृषिविद्यापीठाकडून शुद्ध केलेले वाण 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने आले, आणि मूळ निवड करणाऱ्याच्या वाट्यास काय, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांस मिळाला. पण २०१८ साली ते वारले तोपर्यंत त्यांची आर्थिक ओढाताण संपली नव्हती. वाण शुद्ध करणे हे खरे शास्त्रीय काम आहे, ते आम्ही हलके लेखीत नाही. परंतु लोंबी हेरणारा डोळा हेही काम आहे, आणि त्याचे नाव पिशवीवर असावयास पाहिजे.

कायदा या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, हे आमच्या पुष्कळ बंधूंस ठाऊक नसते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याअन्वये शेतकऱ्यास आपले वाण स्वतःच्या नावावर नोंदविता येते. आपल्या शेतातील बी राखणे, पेरणे, देवघेव करणे व छापील नावाशिवाय विकणे हा त्याचा हक्क आहे. नोंदलेल्या वाणाने सांगितलेल्या परिस्थितीत सांगितलेला गुण दाखविला नाही, तर भरपाई मागण्याचीही तरतूद त्यात आहे. हक्क कागदावर आहे. तो वापरावयास शिकविणे हे विद्यापीठांचे व आमच्यासारख्या संघांचे कर्तव्य आहे.

यावर शास्त्रज्ञ म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही, की शेतकऱ्याच्या शेतातील प्रयोग काटेकोर नसतो. जमीन सारखी नसते, पाळ्या चुकतात, आणि अशा आकड्यांवरून शिफारस करणे धोक्याचे. यास उत्तर आहे. मलावी देशात १९९० नंतरच्या दशकात अशी पद्धत बसविण्यात आली की, गावाच्या मध्यभागी सर्व रीतींचा एक पूर्ण, काटेकोर प्रयोग शास्त्रज्ञाने करावा, आणि भोवतालच्या अनेक शेतकऱ्यांनी त्यातील दोन-तीनच रीती आपापल्या शेतात करून पाहाव्या. मधल्यास आई म्हणतात, भोवतालच्यांस लेकरे. आईपासून काटेकोरपणा मिळतो, लेकरांपासून निरनिराळ्या जमिनींचा अनुभव मिळतो. दोहोंची सांगड घातली की शिफारस पक्की होते. सबब, शास्त्र आणि सहभाग यांत वैर नाही.

आता आमच्या स्वतःच्या दोषांविषयी बोलल्याशिवाय हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. चाचणीच्या पट्ट्यास जास्तीची खताची टोपली टाकणारे आम्हीच. पाहुण्यांसमोर पीक शोभावे म्हणून सारा हिशेब बिघडविणारे आम्हीच. तुलनेकरिता बाजूचा पट्टा जुन्या रीतीने ठेवा म्हटले की तो नुकसानीचा वाटून आम्ही मोडतो. पेरणीची तारीख, पावसाचे दिवस, मजुरीचे आकडे लिहून ठेवा म्हटले की 'सारे ध्यानात आहे' असे म्हणतो, आणि सुगीनंतर ध्यानात काहीच नसते. आमच्या गावी आलेल्या कृषिकन्यांस आम्ही चहा देतो, त्यांच्या वहीवर सही करतो, परंतु आपल्या शेतातील खरी अडचण त्यांस दाखवीत नाही. त्या मुलींस जे शिकवावयाचे ते आमच्याकडे आहे आणि आम्ही ते देत नाही. मग त्या उद्या अधिकारी होऊन आल्या म्हणजे त्यांस शिवार कळत नाही म्हणून कुरकुरावयाचे, हे शोभत नाही. वाटा मागणाऱ्याने आपल्या वाट्याचे बी आधी घातले पाहिजे.

म्हणून येत्या हंगामाकरिता आमच्या सूचना अशा आहेत. आमच्या संघाच्या प्रत्येक गावातील सभासदांनी, स्त्रिया व पुरुष मिळून, पाडव्यानंतर एकत्र बसून आपल्या शेतीतील तीन अडचणी ठरवाव्या आणि त्या लेखी स्वरूपात जिल्ह्याच्या कृषिविज्ञान केंद्राकडे सल्लागार समितीपुढे ठेवण्याकरिता पाठवाव्या. चाचणीकरिता जमीन देणाऱ्याने जोखीम कोणाची हे लिहून घेतल्याशिवाय देऊ नये. आणि संघानेही थोडी वर्गणी काढून टेरेलच्या पेढीवाल्यांप्रमाणे हमीचा लहानसा निधी उभारावा, म्हणजे आम्ही केवळ मागणारे राहणार नाही. चाचणी संपल्यावर तिचा निकाल, तो चांगला असो वा फसलेला, गावाच्या चावडीवर वाचून दाखविण्याची अट घालावी. फसलेल्या प्रयोगाचा निकाल तर विशेष अगत्याने वाचावा, कारण दहा शेतांचे नुकसान त्यानेच टळते. आणि ज्याच्या शेतातून किंवा डोळ्यांतून काही निघाले असेल, त्याचे नाव अहवालात घालावे.

विद्यापीठांस आमची विनंती एवढीच की ही मागणी त्यांनी अविश्वासाची समजू नये. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी कोणी वाट्याच्या अटी बोलत बसत नाही. ज्याच्याबरोबर पुढील हंगामही करावयाचा आहे त्याच्याशीच त्या बोलतात. ते पाच शेतकरी, ज्यांनी हात जोडले, त्यांच्या बांधावर पुन्हा जावयाचे आहे. जाताना हातात बियाण्याच्या पिशवीबरोबर मागल्या चाचणीचा निकालही असावा.